मर्लिन मन्रो गेली, त्याच अंकात एका गरीब मच्छीमाराची गोष्ट छापून आली आणि त्याचा लाकडी मासा जगभर पोहोचला

१९६२ चा ऑगस्ट महिना. मर्लिन मन्रो गेल्याची बातमी आली आणि अख्खी अमेरिका हादरली. तेव्हा लोकांच्या घरात टीव्ही आला होता, पण मोठमोठे फोटो बघायचे आणि निवांत वाचायचं म्हटलं की लाइफ हे साप्ताहिकच घेतलं जायचं. १७ ऑगस्टचा अंक मन्रोचा फोटो मुखपृष्ठावर घेऊन बाजारात आला आणि हातोहात संपला. लाइफच्या सगळ्यात जास्त खपलेल्या अंकांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

लोकांनी तो अंक मन्रोसाठी विकत घेतला. पण पानं उलटता उलटता आत एक वेगळीच गोष्ट लागली. फिनलंड नावाच्या थंडगार देशात एक माणूस आहे, तो हाताने लाकडाचे छोटे मासे कोरतो, आणि पाण्यातले खरे मासे त्या खोट्या माशावर तुटून पडतात.

झालं. त्या माणसाच्या मालासाठी अमेरिकेतून पत्रांची पोती यायला लागली. कंपनीच्या सांगण्यानुसार तब्बल ३० लाख माशांची मागणी तुंबली. आणि हे सगळं ज्याच्या नावावर चाललं होतं तो माणूस मोठा उद्योगपती नव्हता, इंजिनिअर तर अजिबात नव्हता. आयुष्याचा मोठा भाग त्याने दुसऱ्याच्या शेतात मजुरी करण्यात, जंगलात झाडं तोडण्यात आणि तलावात वल्ही मारण्यात घालवला होता.

त्याचं नाव लाउरी रापाला.

आपल्याकडे जे लोक हौस म्हणून गळ टाकतात, त्यांच्यासाठी रापाला हे ब्रँडचं नाव आहे. कोकणात खाडीवर जिताड्याच्या मागे लागलेल्या कुणाचीही पेटी उघडून बघा, त्यात एखादा तरी रापाला सापडेल. पण या नावाचा खरंच एक माणूस होता आणि त्याने हे सगळं घरच्या पोटापाण्यासाठी सुरू केलं होतं, हे फार जणांना माहिती नसतं.

तर ही त्याचीच गोष्ट.

आडनाव मिळालं ते पाद्रीबुवांच्या विसरभोळेपणामुळे

लाउरीचा जन्म १९०५ चा, फिनलंडमधल्या स्यूस्मा नावाच्या भागातला. तेव्हा फिनलंड हा स्वतंत्र देशसुद्धा नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता. लाउरी १२ वर्षांचा असताना, १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला आणि लगेच पुढच्या वर्षी देशात यादवी पेटली. पोरगा वाढला तो अशा काळात, आणि तोही गरीब घरात.

त्याचं मूळ आडनाव सारिनेन. लहान असताना आईसोबत तो आसिक्काला नावाच्या दुसऱ्या गावी राहायला गेला. तिकडे गावात नवीन आलेल्या माणसांची नोंद चर्चच्या वहीत व्हायची. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे की, नोंद करताना पाद्रीबुवांना या मायलेकरांचं आडनावच आठवेना. मग त्यांनी सोपा उपाय काढला. ही माणसं आली कुठून, तर रापाला नावाच्या वस्तीवरून. मग लिहून टाका रापाला.

आपल्याकडे पुण्याहून आलेला पुणेकर होतो, तसाच प्रकार. फिनिश भाषेत रापा म्हणजे चिखल. म्हणजे आज जगभर पाण्यातल्या चकचकीत माशांसाठी ओळखलं जाणारं हे नाव मुळात चिखलाच्या वस्तीचं आहे.

१९२८ मध्ये लाउरीचं लग्न झालं. बायकोचं नाव एल्मा. पुढे हे जोडपं एल्माच्या माहेरच्या गावी, पाइयान्ने तलावाच्या काठी राहायला आलं. हा तलाव काही साधासुधा नाही. फिनलंडमधला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा तलाव, पसारा १,००० चौरस किलोमीटरच्या वर. आज हेलसिंकी शहराला पिण्याचं पाणी याच तलावातून, १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून येतं. त्या काळात मात्र काठावरच्या माणसांसाठी तलावाचा अर्थ एकच होता. मासा मिळाला तर चूल पेटणार.

हजार मासे बघून एका माशाचा अभ्यास

लाउरीचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असायचं. हिवाळ्यात जंगलात झाडं तोडायची, मिळेल ती मजुरी करायची. उन्हाळ्यात होडी काढून मासेमारी करायची. घरात पोरंबाळं वाढत होती आणि त्यात १९३० च्या आसपास जगभर मंदी आली. मजुरी मिळेना, मिळाली तर पैसे कमी.

त्याची मासेमारी म्हणजे अंगमेहनतीचं काम. लांबच लांब दोरी, तिला ठराविक अंतरावर बांधलेले ढीगभर गळ, आणि प्रत्येक गळाला आमिष म्हणून लावायचा एक छोटा मासा. आधी ते छोटे मासे पकडायचे, मग एक एक करून गळाला लावायचे, मग होडी वल्हवत दोरी पाण्यात सोडायची. मोठा मासा आमिष खाऊन पळाला की त्या गळाला पुन्हा नवीन आमिष. दिवसातला अर्धा वेळ मासे पकडण्यात नाही, तर मासे पकडण्याच्या तयारीत जायचा.

आता अशा कामात माणूस एक तर कंटाळतो किंवा बघायला शिकतो. लाउरी बघायला शिकला.

होडीतून खाली पाण्यात बघताना त्याला छोट्या माशांचे थवे दिसायचे. शेकडो मासे एका लयीत पोहत असतात. मग खालून पाईक नावाचा मोठा शिकारी मासा येतो. पाईक म्हणजे मगरीसारखं लांब तोंड आणि दातांनी भरलेला जबडा. तो थव्यात घुसायचा, पण दिसेल त्याला धरायचा नाही. लाउरीच्या लक्षात आलं की, त्याची झडप बरेचदा एका ठराविक माशावर पडते. जो जरा वाकडा पोहतोय, एका बाजूला कलंडतोय, थव्याच्या लयीत बसत नाही, त्याच्यावर.

कारण साधं आहे. रानात बिबट्या कळपातलं लंगडं हरीण बघतो, तसंच हे. शिकार करायला ताकद लागते. धडधाकट मासा निसटला तर ती ताकद वाया जाते. जखमी मासा मिळण्याची शक्यता जास्त. त्यामुळे पाण्यात कुणी लटपटताना दिसलं की शिकारी माशाच्या डोक्यात बटण दाबल्यासारखं होतं. भूक असो नसो, तो झडप घालतोच.

हे लाउरीच्या आधीच्या मच्छीमारांनीही पाहिलं असणार. लाउरीने त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. गळाला जिवंत मासा लावण्याऐवजी, सतत जखमी असल्यासारखा पोहणारा खोटा मासा बनवला तर? तो संपणार नाही, मरणार नाही, गळातून निसटणार नाही. आणि रोज नवीन आमिष गोळा करायची कटकट जाईल.

नकली आमिषं तेव्हा बाजारात होती. धातूचे चमचे होते, लाकडी आमिषंही होती. पण ती विकत घ्यायला पैसे लागतात, आणि लाउरीकडे तेच नव्हते.

रापी, बूच आणि चॉकलेटची चांदी

साल १९३६. तलावावरच्या एका मच्छीमार मित्राने त्याला भरीला घातलं की बनवून तर बघ. लाउरीने चामडं कापायची रापी घेतली आणि बुचाचा एक तुकडा कोरायला बसला. हो, बाटलीला लावतात ते बूच. आणि हो, रापाला आणि रापी हा निव्वळ योगायोग आहे.

बूच का? ते हलकं असतं आणि सहज कापलं जातं. माशाचा आकार दिला, सॅंडपेपरने घासून गुळगुळीत केलं. आता खऱ्या माशासारखी चमक कुठून आणायची? चॉकलेट ज्या चांदीत गुंडाळलेलं असतं ती चांदी वापरली. पण पाण्यात गेल्यावर ती निघून येणार. वरून लाखेसारखं काहीतरी लावायला हवं, आणि त्यासाठी पैसे नव्हते. मग त्याने फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवल्या. त्या काळातली फोटोची फिल्म सेल्युलॉइडसारख्या पदार्थाची असायची. ती वितळवून लावली की वाळल्यावर पातळ, पाणी आत न जाऊ देणारा थर तयार व्हायचा.

पाठ काळी, कुशी सोनेरी, पोट पांढरं. असा तो पहिला मासा.

पण दिसणं हा सोपा भाग होता. अवघड होतं ते त्याचं पोहणं. माशाच्या तोंडाखाली जिभेसारखी एक छोटी तिरकी पट्टी असते. दोरी ओढली की पाणी त्या पट्टीवर आदळतं आणि माशाचं तोंड खाली ढकलतं. शरीर हलकं असल्यामुळे ते वर यायला बघतं. या रस्सीखेचीत मासा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डोलतो. हा डोल जास्त झाला तर मासा पाण्यात गरगर फिरतो. कमी झाला तर काठी ओढल्यासारखा सरळ येतो. दोन्ही चालत नाही. जखमी मासा पोहतो तसा, मधलाच डोल हवा.

लाउरी एक मासा कोरायचा, पाण्यात ओढून बघायचा, परत कोरायचा. तो बरोबर पोहायला लागेपर्यंत हेच. त्याला गणित येत नव्हतं, पण बरोबर मासा कसा हलतो हे त्याने वर्षानुवर्षं होडीतून पाहिलेलं होतं. मोजपट्टी डोळ्यातच होती.

आजही या प्रकारचं आमिष वापरणाऱ्याला एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात. आमिष ओढताना सरळ न येता डावीकडे जात असेल, तर तोंडावरची तारेची कडी पकडीने अगदी किंचित उजवीकडे वाकवायची. उजवीकडे जात असेल तर डावीकडे. केसाएवढा फरक पुरतो. आणि दोरीची गाठ आवळून न बांधता सैल फास ठेवायचा, म्हणजे मासा मोकळा डोलतो. या सैल फासाच्या गाठीला जगभर रापाला गाठ असंच नाव पडलंय.

घरच कारखाना झालं

नवीन मासा चालला. किती चालला याचे किस्से आहेत. एका दिवसात ६०० पौंड, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या आसपास मासे पकडल्याची आख्यायिका कंपनी आजही अभिमानाने सांगते. अशा आकड्यात थोडं मीठमसाला असू शकतो, मच्छीमाराची गोष्ट आहे शेवटी. पण एक गोष्ट नक्की होती. शेजारच्या होड्यांपेक्षा लाउरीच्या होडीत जास्त मासे दिसायला लागले आणि लोक विचारायला लागले, गड्या हे काय लावलंय?

मग गावातल्या, आजूबाजूच्या लोकांसाठी तो मासे कोरायला लागला. मासेमारीला जोडधंदा मिळाला.

तेवढ्यात युद्ध आलं. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला आणि १९४४ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, हा छोटा देश लढत राहिला. सामान मिळेना. तेव्हा पाइन झाडाच्या जाड सालीतूनही मासे कोरले गेले. ही सालही बुचासारखीच हलकी असते आणि जंगलात फुकट मिळते. पुढे दक्षिण अमेरिकेतलं बाल्सा हे अतिशय हलकं लाकूड वापरात आलं आणि तेच कायम झालं.

युद्धानंतर घरातली मुलं हाताशी आली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण अशा गोष्टींमध्ये एकाच माणसाचं नाव राहतं. कोरण्याचं काम लाउरीचं, पण घासणं, चांदी लावणं, रंगवणं, गळ बसवणं, खोक्यात भरणं ही कामं घरातल्या सगळ्यांची होती. आठवा, तो काठावर राहायला आला तोच एल्माच्या माहेरामुळे. पोरं शाळेतून आली की मासे घासायला बसायची. आपल्याकडे विडी, पापड, उदबत्तीची कामं घराघरात चालतात, तसंच ते होतं.

आणि शेवटचं काम लाउरीने कधी सोडलं नाही. प्रत्येक मासा पाण्यात ओढून बघायचा. बरोबर डोलला तर विकायला, नाहीतर परत दुरुस्तीला. आज कारखान्यात यंत्रं आली, तरी माल बाहेर पडण्याआधी पाण्याच्या टाकीत तपासण्याची पद्धत कंपनीने ठेवली आहे. ती सुरुवात इथली.

१९५२ मध्ये हेलसिंकीत ऑलिम्पिक झालं. बाहेरून हजारो लोक आले. त्यातल्या हौशी लोकांच्या बॅगेतून हे लाकडी मासे परदेशी गेले. स्वीडन, नॉर्वे, आणि काही थेट अमेरिकेत.

मिनेसोटातले दोन दोस्त

अमेरिकेतलं मिनेसोटा हे राज्य तलावांसाठी प्रसिद्ध आहे. फिनलंडमधून गेलेल्या लोकांची वस्तीही तिकडे बरीच. तिथे रॉन वेबर नावाचा एक माणूस मासेमारीच्या सामानाची विक्री करायचा. १९५९ च्या सुमारास त्याला मासेमारीत एक अनुभव आला. होडी तीच, तलाव तोच, पण सोबतचा माणूस त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मासे काढतोय. आणि लावलंय काय, तर साधंसं दिसणारं फिनलंडचं एक आमिष.

विक्रेत्याला असं दिसलं की त्याला झोप लागत नाही. त्याने माल शोधून काढला, स्वतः वापरून बघितला आणि दुकान चालवणाऱ्या रे ऑस्ट्रम या मित्राला दाखवला. दोघांनी मिळून फिनलंडला पत्र पाठवलं आणि सुरुवातीला काही शे मासे मागवले. ते बघता बघता संपले. मग दोघांनी या मालासाठी कंपनीच काढली. तीच पुढे नॉर्मार्क म्हणून ओळखली जायला लागली.

घरात कोरून कोरून किती कोरणार? माल कायम कमी पडायचा. काही दुकानदार तर हे मासे विकण्याऐवजी दिवसाच्या भाड्याने द्यायचे, डिपॉझिट ठेवून, असं सांगतात. सायकल भाड्याने मिळते तसं आमिष भाड्याने.

आणि मग १९६२ चा तो अंक आला. मन्रोच्या बातमीमुळे अंक घराघरात गेला, आणि ज्यांनी आयुष्यात गळ हातात धरला नव्हता त्यांनीही फिनलंडच्या मच्छीमाराची गोष्ट वाचली. नशीब म्हणतात ते हेच. पण यात एक मेख आहे. लेख वाचून पहिला मासा खपतो, दुसरा खपत नाही. दुसरा खपायला पहिल्याने मासा पकडून द्यावा लागतो. लाउरीच्या मालाने तो दिला.

मागणी पुरवायला आसिक्काला परिसरातच, व्हॅक्सू गावात मोठा कारखाना उभा राहिला. मजूर माणसाच्या नावाने आता गावात लोकांना रोजगार मिळत होता. लाउरी १९७४ मध्ये गेला, सत्तरी गाठायच्या आतच. त्याने १९३६ मध्ये ज्या आकाराचा मासा कोरला, त्याच घराण्यातलं आमिष आजही विकलं जातं. कंपनी पुढे हेलसिंकीच्या शेअर बाजारात आली, गळ बनवणारी फ्रान्सची जुनी कंपनी सोबत आली, आणि आज नकली आमिषं बनवणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांमध्ये तिची गणना होते.

पण लाउरीचा मासा एका ठिकाणी हरतो

ते ठिकाण म्हणजे शेवाळ आणि पाणवनस्पतींनी भरलेला तलाव.

लाउरीच्या माशाच्या पोटाखाली तीन तोंडांचे गळ लटकत असतात. मोकळ्या पाण्यात ते उत्तम. पण कमळाची पानं, शेवाळ, जलपर्णी असेल तर पहिल्याच फेकीत मासा न येता पालेभाजीची जुडी हातात येते. आणि गंमत अशी की मोठे शिकारी मासे दबा धरून बसतात ते नेमके अशाच जागी.

याचं उत्तर अमेरिकेत दुसऱ्या एका घरात सापडलं. ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं रबर आणि टायरच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथे निक क्रीम नावाच्या कारागिराने १९४९ मध्ये मऊ प्लास्टिक साच्यात ओतून गांडूळ बनवलं. हाताला खऱ्यासारखं लागणारं, पाण्यात लवलवणारं. पुढे टेक्सासमधल्या मच्छीमारांनी हे गांडूळ गळाला लावायची एक युक्ती रूढ केली. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात घालून लगेच बाहेर काढायचं, गळ फिरवायचा, आणि टोक परत गांडुळाच्या अंगात लपवायचं. पुढे दोरीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छोटं वजन. आता टोकच झाकलेलं असल्यामुळे ते शेवाळात अडकत नाही. मासा चावला की मऊ प्लास्टिक दबतं आणि टोक बाहेर येतं.

हे शिकणाऱ्याला जमत नाही ते एकाच कारणामुळे. तो लाउरीचा मासा ओढावा तसं मऊ प्लास्टिकही सारखं ओढत राहतो. लाकडी माशाला डोल येतो तो ओढण्यातून. मऊ आमिषाला जीव येतो तो सोडण्यातून. शेवाळाच्या कडेला किंवा मधल्या मोकळ्या खिडकीत टाकायचं, आणि दोरी थोडी सैल ठेवून त्याला खाली पडू द्यायचं. बऱ्याचदा मासा ते पडतानाच उचलतो. हाताला झटका लागतोच असं नाही. दोरी बाजूला सरकली किंवा पडता पडता मध्येच थांबली, तरी समजायचं की कुणीतरी घेतलंय. मग सैल दोरी गुंडाळून एक जोरदार झटका द्यायचा, कारण टोकाला आधी प्लास्टिक फाडून बाहेर यायचं असतं. आणि दोरा जाड हवा, कारण मासा लागल्यावर तो एकटा येत नाही, सोबत किलोभर शेवाळ घेऊन येतो.

आपल्या तलावांमध्ये हाच खेळ मरळ माशासोबत चालतो. मरळ वरची हवा घेऊ शकतो, म्हणून कमी प्राणवायूच्या, जलपर्णीने झाकलेल्या पाण्यातही तो मजेत राहतो. त्याच्यासाठी आत पोकळ असलेला मऊ रबरी बेडूक वापरतात. त्याचे दोन गळ वरच्या बाजूने अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून घसरत येतो. मरळ पानं फोडून वर येतो तेव्हा नवशिका दचकून लगेच झटका देतो आणि बेडूक माशाच्या तोंडातून निसटून परत येतो. क्षणभर थांबायचं, दोरीवर वजन जाणवू द्यायचं, मग ओढायचं.

दोन गोष्टी मात्र पाळायलाच हव्यात. पाण्यावर मरळीच्या लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर तिथे गळ टाकायचा नाही. खाली आईबाप राखण करत असतात, ते गेले की झुबका दुसरे मासे खाऊन टाकतात. आणि फाटलेलं मऊ प्लास्टिक पाण्यात फेकायचं नाही, खिशात घालून घरी आणायचं. ते कुजत नाही, आणि मासे ते गिळतात.

शेवटी लाउरीने शिकवलं काय?

लाकूड असो, रबर असो की प्लास्टिक, सगळ्यामागची अक्कल एकच आहे, आणि ती लाउरीला दुकानात मिळाली नव्हती. त्याच्याकडे रंगाला पैसे नव्हते म्हणून त्याने निगेटिव्ह वितळवल्या, ही गोष्ट ऐकायला भारी वाटते. पण गरिबीने त्याला आमिष बनवून दिलं नाही. गरीब मच्छीमार त्या काठावर ढिगाने होते. फरक पडला तो होडीत बसून खाली बघण्याने. कुठला मासा खाल्ला जातोय आणि का, एवढा एक प्रश्न त्याने सोडला नाही.

आज गळ घेऊन तलावावर जाणारा नवशिका आधी ऑनलाइन जाऊन पेटीभर रंगीत आमिषं मागवतो. मग दिवसभर फेकत राहतो आणि संध्याकाळी मासेच नाहीत म्हणून घरी येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा पहिला अर्धा तास गळ काढूच नका. काठावर बसा. छोटे मासे कुठे उड्या मारतायत, पानं कुठे हलतायत, पाणी कुठे फुटतंय ते बघा. मग पेटी उघडा.

लाउरी रापालाच्या पेटीत सुरुवातीला एकच मासा होता.